बशीएवढं पोट आणि मारुतीचा रोडगा

हल्ली लोक वजन कमी व्हावं म्हणून आपल्या पायांनी चालत जाऊन पोट कापून घेतात, असं नातवानं सांगितलं तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याची थट्टा चालली आहे. पण मागच्या महिन्यात आमच्याच गल्लीतले एक भरभक्कम गृहस्थ नागपूरहून तसे कापून आले आणि मी त्यांना भेटायला गेलो. ते पलंगावर टेकून बसले होते. पुढ्यात वाटीभर डाळीचं पाणी होतं आणि त्याच्याकडे ते ज्या नजरेनं पाहत होते, ती नजर मी लगेच ओळखली. मेलेली पाल दुधात सापडल्यावर माणूस दुधाकडे तसा पाहतो. घरचे सगळे त्यांना धीर देत होते. मी दिला नाही. मी त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, "ढेकर कुजक्या अंड्यासारखा येतो ना?" त्या माणसाच्या डोळ्यांत पाणीच आलं. इतक्या दिवसांत पहिला माणूस भेटला होता म्हणे, ज्याला काही कळतं.

कळणार नाही तर काय. त्यांनी हौसेनं करून घेतलं ते माझ्यावर साठ वर्षांपूर्वी झालं होतं, आणि तेही मला न विचारता.

त्या काळात पांढुर्ण्याच्या बाजारात आमचं कापडाचं दुकान होतं आणि त्या दुकानात मी होतो. मी गादीवर बसलो की गिऱ्हाइकाला मागचं कपाट दिसत नसे. माझ्या सदऱ्याचं माप घ्यायला शिंपी एकटा येत नसे. एक जण टेपाचं टोक धरून उभा राही आणि दुसरा फेरी मारून येई. लग्नाच्या पंगतीत मी बसलेला दिसलो की आचारी हात धुवायचा थांबून पुन्हा चूल पेटवी. सौंसर, मोहगाव, रामाकोना या सगळ्या टापूत मला जेवायला बोलावणं ही प्रतिष्ठेची गोष्ट होती, आणि थोडी जोखमीचीही. वडाभात, त्यावर कढत तेल, पुरणाच्या पोळ्या, तुपाची वाटी. वाटी कसली, मी गडू पुढे करत असे. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे रामाकोन्याला संत्र्याची बाग आणि कापूस असलेल्या वाळक्या, काटक शेतकऱ्याला, माझ्या खाण्याचा भारी अभिमान. स्वतः ते चिमणीएवढं जेवत, पण चार लोकांत माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, "आमचे जावई. पाहून घ्या."

अशा माणसाच्या पोटात फोड झाला. रात्रंदिवस आत कोणी निखारा ठेवल्यासारखं. शेवटी एकदा दुकानातच, नव्या धोतरजोड्यांच्या गठ्ठ्यावर, मला काळी उलटी झाली. चहाचा चोथा असतो तशी काळी, आणि तिचा वास असा की समोरचा हलवाई दुकान बंद करून निघून गेला. वडलांनी मला गाडीत घालून नागपूरला नेलं.

ते साल राज्यांच्या वाटणीचं. नागपूर आमची, म्हणजे तेव्हाच्या मध्य प्रदेशाची, राजधानी होती. मला भूल दिली तेव्हा होती. मी शुद्धीवर आलो तेव्हा बाजूच्या खाटेवरचा माणूस कुणाला तरी सांगत होता की आता तुमची राजधानी भोपाळ, नागपूर गेलं मुंबई राज्यात. मी डोळे उघडून पहिला प्रश्न विचारला तो हा, की पांढुर्णा कुठं आहे. डॉक्टर हसले आणि म्हणाले, पांढुर्णा जागेवरच आहे, तुमचं पोट मात्र नाही. फोड इतका मोठा होता की पोटाचा बराचसा भाग काढून टाकावा लागला. जे उरलं ते त्यांनी हाताचा द्रोण करून दाखवलं. चहाच्या बशीत मावेल एवढं. म्हणजे देशानं केली तशीच वाटणी. मोठा वाटा नागपूरकडे राहिला आणि उरलेली चिंधी घेऊन मी घरी आलो.

निघताना डॉक्टरांनी बायकोला समोर बसवून बजावलं. थोडं थोडं, तासातासानं. एक घास दूध होईपर्यंत चावायचा. जेवताना पाणी नाही. गोड नाही, तूप नाही. "आतले टाके कच्चे आहेत," ते म्हणाले. "हट्टानं पोट ताणलं तर आतून फाटेल, आणि मग मला बोलावू नका." बायको मान हलवत होती. मी भिंतीकडे पाहत होतो. नाकातली रबरी नळी नुकतीच काढली होती आणि घशात अजून ती आहे असंच वाटत होतं, जसं काही मी एक लांबलचक गांडूळ अर्धं गिळून बसलो आहे.

त्यानंतरचे आठवडे मला कुणी बक्षीस म्हणून दिले तरी मी परत घेणार नाही.

पहिली गोष्ट म्हणजे पेज. तांदळाची पेज ही आजाऱ्याची आई असते असं लोक म्हणत. मला ती परटाच्या घरची खळ वाटे. वर सुरकुतलेली साय धरे, ती ओठाला चिकटे, आणि कुणाची तरी कातडी आपण चाटतो आहोत या विचारानं अंगावर काटा येई. मग मुगाचं पाणी. त्याला घाण लागलेल्या तळ्याचा वास. मग साबुदाण्याची खीर, बिनसाखरेची. बेडकीनं अंडी घालून ठेवावी तसे ते बुळबुळीत डोळे वाटीतून माझ्याकडे पाहत. एकदा बायकोला दया आली आणि तिनं खिरीत चमचाभर साखर टाकली. घशाखाली उतरते न उतरते तोच माझं काळीज ढोल वाजवायला लागलं, घामानं गादी भिजली, हातपाय थरथरायला लागले, आणि पुढं जे झालं ते मी लिहीत नाही, एवढंच सांगतो की परसाकडे जाईपर्यंत वेळ मिळाला नाही. ज्या माणसानं पंगतीत पुरणपोळ्यांच्या चळती उठवल्या होत्या, त्याला एक चमचा साखरेनं आडवं पाडलं.

आणि ढेकर. आधी माझा ढेकर म्हणजे यजमानाला मिळालेलं प्रमाणपत्र असे. आता जो येई तो आतल्या आत कुजून, वाट शोधत, घाबरत घाबरत वर येई आणि तोंडाशी येऊन फुटे. खोलीतल्या माशा बाहेर जात. खरं सांगतो, मांजरानं आमचं घर सोडलं ते त्या दिवसांत. बायको नाकाला पदर लावून म्हणे, "अजी, खिडकीकडं तोंड करा न." मी खिडकीकडं तोंड केलं की गल्लीतली पोरं पळत.

छातीपासून बेंबीपर्यंत जखम. तिच्यातून कधी पाणी येई, कधी पिवळं काही. त्यावर घरच्याच दुकानातल्या मांजरपाटाचा लांब पट्टा बायको घट्ट गुंडाळी, आणि दुपारपर्यंत तो पट्टा घाम, औषध आणि मी, अशा तिघांच्या वासानं आंबून जाई. पोट ओसरत चाललं होतं पण कातडी काही कुणी परत मागितली नव्हती. ती रिकाम्या पोत्यासारखी लोंबे. अंघोळीला बसलो की ती मांडीवर येऊन पडे, गार, ओली, परक्या माणसाची असावी तशी. मी तिच्याकडे पाहत नसे.

त्यात भेटायला येणारे. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला माणूस रिकाम्या हाती येत नाही आणि रिकाम्या तोंडानं तर नाहीच. कुणी कढी आणली, कुणी मेथीचे लाडू. समोर बसून स्वतःच्या पोटाची कथा सांगायची, कसं साफ होत नाही, कसं फार साफ होतं, रंग कसा असतो, आणि सांगता सांगता मला आणलेले लाडू आपणच संपवायचे. लाडू चावताना त्यांच्या जबड्याचा जो चपचप आवाज होई, तो ऐकून मला कळलं की माणूस खाताना किती ओंगळ दिसतो. इतकी वर्षं लोक माझ्यासमोर बसून कसे जेवले असतील, कुणास ठाऊक.

आणि एका सकाळी सासरे आले. खांद्यावर संत्र्याचं टोपलं, चेहऱ्यावर आनंद. आंबिया बहार तोडणीला आला होता. टोपलं खाली ठेवून ते माझ्या पलंगाशी बसले.

"जावईबापू, आता टाके निघाले म्हणते पोरगी."

"वरचे निघाले, मामाजी."

"मंग झालं. येत्या शनिवारी जामसांवली."

मी बायकोकडे पाहिलं. ती संत्री उगाच एकावर एक रचत होती.

"तुमचं पोट तिकडं कापून राहिले होते न," सासरे म्हणाले, "त्या दिवशी मी मारुतीपुढं उभा होतो. म्हणलं, देवा, माह्या पोरीचं कुंकू राख. जावई वाचले तं तुह्या दारात रोडग्याची पंगत देतो. आन पहिला रोडगा जावई स्वतः खातीन. अख्खा. तुपात बुडवून. ते खाऊन होईपर्यंत पंगतीतलं कोणी हात लावणार नाही."

जामसांवलीचा मारुती पिंपळाखाली आडवा पहुडलेला आहे, आणि त्याला बोललेला नवस आमच्याकडे कुणी चुकवत नाही. ज्यांनी रोडगा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. जाडसर कणकेचा, मोठ्या संत्र्याएवढा गोळा, गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेला, वरून दगड आणि आतून वाफ. राख झटकायची, फोडायचा, तुपात बुडवायचा, वांग्याची भाजी आणि वरण. पूर्वी मी ते सुपारीसारखे तोंडात टाकत असे. आता नुसतं नाव ऐकून माझ्या बशीला घाम फुटला.

"बाबा," बायको म्हणाली, "यायले डॉक्टरनं तूप मना केलं. पोट बशीएवढंच ठेवलं म्हणते."

"पोट काढल्यावर माणूस जगते काय, बाई? फोड काढला असन. डॉक्टर लोक भेव दाखवतेत."

"अहो मामाजी, खरंच काढलं," मी म्हटलं.

सासऱ्यांनी माझ्या सदऱ्यावरून एक नजर फिरवली. सदरा जुनाच होता, त्यात अजून दोन माणसं मावली असती.

"फोड निघाला तं आतमंदी जागा उलटी मोकळीच झाली असन न," ते म्हणाले.

बायकोनं सुचवलं, एक तुकडा मोडून खाल्ला तर. सासऱ्यांचा चेहरा पडला. ते रागावले असते तर बरं होतं. ते हळू आवाजात म्हणाले, "अख्खा म्हणलं मी. त्यानं त्याचं काम अख्खं केलं. मी त्याले तुकडा कसा दाखवू? तुमच्यासाठी एक रोडगा काय आहे म्हणून बोललो, बापा. दुसऱ्या कोणासाठी बोललो नसतो."

म्हणजे माझ्याच कीर्तीनं माझा गळा धरला होता. खाल्ला तर पोट फाटणार, नाही खाल्ला तर ह्या सरळ माणसाचा शब्द देवापुढे खोटा पडणार. बायकोचं म्हणाल तर तिला एकीकडे कुंकू होतं आणि दुसरीकडे बाप. तिनं काही सांगितलं नाही. फक्त शुक्रवारी संध्याकाळी पट्टा गुंडाळताना तिनं तो नेहमीपेक्षा सैल ठेवला. मी विचारलं तर म्हणाली, "मोटरीत दचके बसतेत." मी तिचं तोंड नीट पाहायला हवं होतं.

शनिवारी मोटरीनं सौंसर, तिथून बैलगाडीनं जामसांवली. रस्त्यातला प्रत्येक खड्डा मी आतून मोजला. देवळाच्या आवारात पुरुषमंडळींनी गोवऱ्या रचल्या होत्या आणि त्यांचा धूर माझ्या नाकात शिरला. शेण, राख, त्यात भाजणारी कणीक, आणि पलीकडे कढईत वांगी तेलात तरंगत होती, काळी, फुगलेली, पाण्यात बुडून मेलेल्या उंदरांसारखी. पूर्वी ह्याच वासानं मी कोसभरावरून धावत आलो असतो. आता घशाशी आंबट पाणी आलं ते मी गिळलं, पुन्हा आलं, पुन्हा गिळलं.

पंगत बसली. सगळ्या रामाकोन्याला बोलावणं होतं आणि सगळा रामाकोना माझ्यासमोर मांडी घालून माझं तोंड पाहत होता. सासऱ्यांनी स्वतःच्या हातानं रोडगा निवडला. अर्थात सगळ्यांत मोठा. राख झटकली, वरून चीर दिली आणि तुपानं भरलेल्या गंजात, म्हणजे पातेल्यात, असा बुडवला की वरती बुडबुडे आले. माझ्या पत्रावळीवर ठेवला तेव्हा पत्रावळीचं पान आकसलं. तूप पिवळं, दाट, गुळगुळीत, आणि त्यात राखेचे कण पोहत होते. मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानंही माझ्याकडे पाहिलं असं माझं आजही मत आहे.

"बोला," कुणीतरी ओरडलं, आणि सगळी पंगत देवाकडे तोंड करून, हात जोडून, डोळे मिटून जयजयकार करायला लागली.

तेवढा वेळ मला पुरला. मी कडेची चिमूटभर कणीक तोडून तोंडात टाकली, आणि बाकीचा रोडगा उचलून सदऱ्याच्या आत, पट्ट्याच्या सैल घडीत सारला. मग हात जोडले.

लोकांनी डोळे उघडले तेव्हा पत्रावळ रिकामी होती आणि मी चावत होतो. एका माणसालाही शंका आली नाही, यात माझी कर्तबगारी नाही, ही माझ्या कीर्तीची. "झाला बी?" कुणीतरी म्हणालं. "एका घासात. ऑपरेशनानं काही फरक नाही पडला, बाप्पा." सासऱ्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. पंगत जेवायला लागली.

मी चावत राहिलो. ती चिमूट चावून चावून दूध झाली, दुधाचं पाणी झालं, तरी चावत राहिलो, कारण माझ्या पोटावर काय चाललं होतं ते मलाच ठाऊक. आतून कढत असलेला तो गोळा नव्या कातडीवर बसून मला भाजत होता. ओरडता येत नव्हतं. त्यातून तूप पाझरायला लागलं. आधी एक ओघळ बेंबीकडे गेला. मग पट्टा भिजला, शिळ्या घामाला आणि औषधाला गरम तुपाची फोडणी बसली, आणि जो वास उठला तो मी ह्या जन्मात विसरणार नाही. असा वास यमाच्या स्वयंपाकघरात येत असेल.

समोरच्या रांगेतला एक म्हातारा घास तोंडाशी नेता नेता थांबला.

"अजी," तो म्हणाला, "यायच्या पोटातून काही निघून राहिलं."

मी खाली पाहिलं. पांढऱ्या सदऱ्यावर, जखमेच्या नेमक्या जागी, पिवळा, राखाडी, चिकट डाग पसरत चालला होता. पंगतीतल्या कुणी हातातला घास खाली ठेवला, कुणी तोंड फिरवलं. एकाला उमासा आला, आणि त्याचं पाहून मलाही आला.

"टाके उसवले," कुणीतरी म्हणालं.

सासरे तूप वाढत होते. त्यांच्या हातातून गंज सुटला. ते एकदम देवळाकडे वळले, तिथल्या तिथं उभे राहून ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटले, आणि मग माझ्याकडे धावले. दोघातिघांनी मला उचललं. पूर्वी मला उचलायला बैलजोडी लागली असती. गाडीत नेऊन निजवलं.

"कोणी येऊ नका इकडं," सासरे म्हणाले. फक्त बायकोला त्यांनी राहू दिलं.

त्यांनी सदरा वर केला. पट्ट्याचा पहिला वेढा सोडला, दुसरा सोडला, आणि रोडगा गडगडत गाडीच्या फळीवर आला.

बायको मान खाली घालून पदराचं टोक पिळत होती. तिचे खांदे हलत होते. रडत होती की हसत होती ते मी नंतरही विचारलं नाही. सासऱ्यांनी रोडग्याकडे पाहिलं. मग पहिल्यांदा माझ्या पोटाकडे पाहिलं. छातीपासून खाली गेलेली ती लाल, पुसट पाणावलेली रेघ, तिच्यावर भाजल्याचा नवा गोल डाग, आणि दोन्ही बाजूंना लोंबणारी रिकामी कातडी. त्यांनी ती हलक्या बोटांनी उचलून पाहिली, बैलाचं वशिंड तपासतात तशी. खाली काही नव्हतं.

"खरंच काढलं हो," ते म्हणाले.

"सांगतलं होतं, मामाजी."

"मले वाटलं, फोड." ते गाडीच्या दांडीला टेकून खाली बसले. "आन तुम्ही हा खाल्ला असता तं?"

"तं रामाकोन्याला माझ्या तेरवीची पंगत झाली असती."

ते हसले नाहीत. त्यांनी उपरण्यानं माझं पोट पुसलं, तूप, राख, पाणी, सगळं, आणि तोंड वाकडं केलं नाही. मी केलं. मग त्यांनी रोडगा उचलला आणि हुंगला. तेव्हा मात्र त्यांनाही मान फिरवावी लागली.

"टाकून देऊ?" मी म्हटलं.

"देवाचा आहे." ते विचार करत राहिले. बाहेर पंगत कुजबुजत होती. "मी अख्खा म्हणलं होतं," ते शेवटी म्हणाले. "एका बैठकीत म्हणलं नव्हतं."

आणि त्यांनी तो रोडगा उपरण्यात बांधून बायकोच्या हाती दिला. बाहेर जाऊन पंगतीला सांगितलं, की टाके बरोबर आहेत, जावयाच्या अंगावर तूप सांडलं. तूप सांडायला जावयानं तोंड उघडं ठेवलं होतं का, असं कुणीतरी विचारलं आणि पंगत हसत पुन्हा जेवायला लागली. मला रामाकोन्याला नेऊन संत्र्याच्या बागेला लागून असलेल्या खोलीत ठेवलं.

त्या खोलीत मी तो रोडगा खाल्ला. एक रोडगा. बहार तोडून झाला, संत्र्यांच्या गाड्या गेल्या, कापूस वेचून घरात आला, संक्रांत तोंडावर आली, आणि मी तोच खात होतो.

बायको रोज त्यातला एक तुकडा मोडे, खलबत्त्यात कुटे, पातळ वरणात भिजवे आणि वाटी माझ्यापुढे ठेवून समोर बसे. वरचं कवच तिनं खरवडलं होतं, पण तूप आत मुरलेलं होतं आणि तुपाबरोबर मी. पहिल्या दिवशी मी वाटी नाकाजवळ नेली आणि परत ठेवली. शेणाची राख, खवट तूप, हॉस्पिटलातलं औषध आणि माझा आंबलेला पट्टा.

"हे माझ्या जखमेवर होतं," मी म्हटलं.

"हाव."

"त्यात माझा घाम आहे."

"तुमचंच पोट, तुमचाच घाम," ती म्हणाली. "दुसऱ्याचं कायचं उष्टं खाऊन राहिले तुम्ही? चावा."

"तू पट्टा सैल बांधला म्हणून हे झालं."

"सैल बांधला म्हणून मी आज इथं कुंकू लावून बसली. चावा न जी."

मी चावलं. ती मोजल्यासारखी माझ्या जबड्याकडे पाहत बसे. गिळलं की पोटात एक मुरड येई, तोंडाला पाणी सुटे, मी डोळे मिटून आडवा होई, अगदी जामसांवलीच्या त्या मारुतीसारखा, आणि वाट पाहत राही की आता हे वर येतं की खाली जातं. पहिल्या दिवसांत वर आलं. बायको मडकं धरून बसे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच तुकडा मोडे. एकदा गिळलं ते खाल्लं, वर आलं तरी हिशोबात धरायचं नाही, असा सासऱ्यांचा नियम. मग एकदा खाली राहिलं. मग बरेचदा. उपरण्यातला गोळा इतक्या हळू लहान होई की मला वाटे रात्री तो पुन्हा वाढतो. उंदरांनी त्याला तोंड लावलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. रामाकोन्याचे उंदीर चवीचे पक्के होते. शेवटी शेवटी तो लाकडासारखा झाला आणि बायको त्याच्यावर वरवंटा घालू लागली.

सासरे रोज संध्याकाळी बागेतून येऊन दारात उभे राहत. "किती झाला?" बायको उपरणं उघडून दाखवी. ते मान हलवत आणि पाय धुवायला जात. माझ्या नजरेला नजर देत नसत. मला वाटे, मी पंगतीत केलेल्या चलाखीची त्यांना अजून लाज वाटते.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी फक्त आतला गाभा उरला. सुपारीएवढा. तिथपर्यंत तूप पोचलं नव्हतं आणि मीही नाही. बायकोनं तो न कुटता तसाच वरणात घातला. मी सवयीनं श्वास धरून तोंडात घेतला, चावला, आणि थांबलो. गव्हाची चव लागली. नुसत्या भाजलेल्या गव्हाची, जराशी गोड. महिन्यांनंतर पहिल्यांदा मी एखादी गोष्ट चावत होतो आणि ती मला परत चावत नव्हती. गिळला. वाट पाहिली. आत सगळं शांत.

"संपला?" मी विचारलं.

"संपला," बायको म्हणाली.

"अजून नाही?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला उगाच उठून बसावंसं वाटलं. दारात सासरे उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. ते आत आले आणि त्या खोलीत पहिल्यांदाच पलंगाशी बसले, आणि बसल्यावर उपरण्याचं रिकामं टोक झटकत राहिले.

"जावईबापू," ते म्हणाले, "एक सांगाचं राह्यलं होतं. आधी म्हणलं, हा होऊ द्या."

"सांगा न."

"त्या दिवशी तुमच्या सदऱ्यावर ते पिवळं आलं न. मले वाटलं, गेलं सगळं. तं मी देवळाकडं तोंड केलं."

मला तो गंज पडल्याचा आवाज आठवला, आणि त्यांचे हलणारे ओठ.

"मंग?"

"म्हणलं, देवा, यायचं पोट सांभाळ." त्यांनी खिडकीतून बागेकडे पाहिलं. "घाईत माणूस काय बोलते, त्याले बी समजत नाही."

"किती म्हणलं, मामाजी?"

"दोन."

"अख्खे?"

त्यांनी बागेकडचे डोळे काढले नाहीत. फक्त मान हलवली.

माझ्या पोटातून, इतके दिवस शांत बसलेल्या त्या बशीतून, काहीतरी हळूहळू वर यायला लागलं, वाट शोधत, घशाशी थांबलं आणि फुटलं. कुजक्या अंड्याचंच. सासरे उठून दाराबाहेर गेले. बायकोनं नाकाला पदर लावला आणि दुसऱ्या हातानं खिडकी उघडली.